भिंतीकडची बाजू

मित्रांनो, मी एक जुना टेबल आहे, शाळेतला, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. आता तुम्ही माझ्याभोवती शहाण्यासारखे बसला आहात, तरी माझे अर्धे लक्ष तुमच्या हातांकडेच आहे. कोणाच्या दप्तरात कर्कटक आहे आणि कोणाच्या तोंडात च्युइंगम, हे मी आधी बघून ठेवतो. माझ्या पोटाखाली वाळलेल्या च्युइंगमची अख्खी वसाहत आहे. ती चिकटवणारे सगळे असेच शहाण्यासारखे बसलेले होते.

मला एका सुताराने घडवले. हाताचा चांगला होता, पण शाळा उघडायला आली होती आणि कबूल केलेले अर्धे टेबल अजून व्हायचे होते. घाईघाईत त्याने माझे पाय ठोकले, रंधा मारला आणि वरच्या तीन फळ्या एकमेकींना जोडल्या. तिसरी फळी बसवून झाल्यावर तो जरा थबकला. एक डोळा मिटून त्याने माझ्याकडे आडवे पाहिले, डोके खाजवले आणि बायकोला म्हणाला, "शाळेत सांग, ही डावी बाजू भिंतीकडे जाऊ द्या."

"का?" बायकोने विचारले.

"तिथे शोभेल," तो म्हणाला आणि पॉलिशचा डबा उघडू लागला.

मला वाटले, हा माझ्यासाठी मानाची जागा राखून ठेवतो आहे. मी ते वाक्य जन्मभर जपले. स्वतःच्या कौतुकाच्या बाबतीत मी कधी संशय घेतला नाही, एवढे इथे सांगून ठेवतो.

शाळेत मला फळ्यापुढच्या प्लॅटफॉर्मवर चढवले, डावी बाजू भिंतीला घट्ट लावून. वर्गावर एक मास्तर होते. धोतराच्या घडीपासून आवाजापर्यंत सगळे कडक. मास्तर बोलायचे आणि मुले ऐकायची, नाही तर ऐकल्यासारखे करायची. बाक सगळे माझ्याकडे तोंड करून, एकामागे एक. मला ती व्यवस्था फार आवडायची. वरून सगळे दिसायचे. कोण कोणाच्या वहीत डोकावतो आहे हे मास्तरांच्या आधी मला कळायचे.

दरवर्षी भूमितीचा एक तास माझा असायचा. मास्तर माझ्यावर दोनदा थाप मारत आणि विचारत, "आयत म्हणजे काय?" सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हा टेबल!" मग ते एका मुलाला टेप देऊन वर बोलवत. मुलगा माझी लांबी मोजायचा, मग उजवीकडची रुंदी मोजायचा, आणि मास्तर म्हणायचे, "पुरे. आयताला दोन मापं पुरतात. समोरासमोरच्या बाजू सारख्याच असतात." कधी कुणी तिसरी बाजू मोजली नाही. तिथे भिंत होती, आणि गरजही नव्हती.

त्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा एक मुलगा होता. प्रश्न संपायच्या आत त्याचा हात वर. एका वर्षी मास्तरांनी त्याची पाठ थोपटून "शाबास" म्हटले. मास्तरांची शाबासकी म्हणजे वर्षाकाठी एखाद्याच्याच वाट्याला येणारी गोष्ट. त्या मुलाने खाली उतरता उतरता माझ्यावरून हळूच हात फिरवला होता. तोच पुढे शिकून शिक्षक झाला आणि फिरून याच शाळेचा मुख्याध्यापक म्हणून आला. मास्तर निवृत्त झाले, दुसरे आले, तिसरे आले; पण परीक्षेच्या पत्रिकेतला एक प्रश्न कुणी हलवला नाही. "आपल्या वर्गातील आयताचे एक उदाहरण लिहा." आणि सगळ्या मुलांनी, सगळ्या वर्षी, माझे नाव लिहिले. सांगा, माझी मान ताठ का नसावी?

मग नवीन बाई आल्या.

पहिल्याच दिवशी मुख्याध्यापक त्यांना घेऊन वर्गात आले आणि माझ्यावर बोटे टेकून म्हणाले, "बाई, हे वर्ष बघू. जमलं तर कायम करू. नाही तर..." त्यांनी बोटांना लागलेला खडू झटकला. मधल्या सुट्टीत बाई माझ्याशेजारी उभ्या राहून फोनवर आईला सांगत होत्या, "नाही गं, अजून काढलं नाही मला. पहिलाच दिवस आहे." त्या हसत होत्या, पण मोकळा हात माझी कड घट्ट धरून होता. घरी आई आजारी आणि भाऊ अजून शिकत होता, हे मला पुढे अशाच फोनांवरून कळले.

दुसऱ्या दिवशी या बाईंनी काय करावे? मुलांना हाताशी घेऊन मला चक्क प्लॅटफॉर्मवरून खाली उतरवले. ओढत वर्गाच्या मधोमध आणले. माझ्या डाव्या बाजूला जन्मात पहिल्यांदा वारा लागला, आणि तिथली कोळिष्टके सगळ्या वर्गाने पाहिली. चार-चार मुले समोरासमोर बसतील असे बाक मांडले. मला वाटले, आवराआवर चालली असेल, संध्याकाळपर्यंत होईल जागच्या जागी. झाले नाही.

माझ्या मनात पहिली शंका आली ती अशी, की ही बाई आळशी आहे. ती शिकवतच नव्हती. मुलांना काहीतरी द्यायची, प्रश्न विचारायची आणि बाकांमधून फिरायची. मुलांनी उत्तर विचारले, तर म्हणायची, "तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग?" असे तिला तोंडावर विचारणारी एक मुलगी होती. वर्ग तिला वकील म्हणायचा. ती प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण'ने करायची. तिच्या गटात दोन जुळ्या बहिणी होत्या, त्या एकमेकींशिवाय पाणीही प्यायच्या नाहीत. चौथा एक मुलगा, त्याला झोपाळू म्हणत. का ते वेगळे सांगायला नको.

"बाईंनाच उत्तरं येत नसतील," वकील एकदा जुळ्यांच्या कानात कुजबुजली. "म्हणून आपल्याकडून काढून घेतात."

दोघी एकदम म्हणाल्या, "हो की."

मलाही ते पटले. शेजारच्या वर्गाचे सर दारातून डोकावून "काय बाजार भरलाय" असे पुटपुटून जायचे. वकिलीणबाईंचे वडील तर फाटकाशी बाईंना अडवून म्हणाले, "बोलून पोरं शिकत असती ना बाई, तर आमच्या घराचं विद्यापीठ झालं असतं." बाई हसल्या, पण त्या दिवशी डबा तसाच झाकून परत नेला.

मी आपला पाळत ठेवून होतो. चार डोकी एकत्र आली की एक राबणार आणि तिघे फुकट खाणार, हे मला ठाऊक होते. झालेही तसेच. वकील बोलायची, जुळ्या ती सांगेल ते उतरवायच्या आणि झोपाळू माझ्या पायाला पाठ लावून डुलक्या काढायचा. बघा, मी म्हणालो नव्हतो? मला फार समाधान वाटले.

पण बाईंच्याही ते लक्षात आले होते. त्यांनी नवा नियम काढला: गटाचे उत्तर कोणी सांगायचे ते बाई ठरवणार, आणि तो अडला तर बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचे नाही. त्यांनी बोट केले झोपाळूकडे. गटाची शोभा झाली. तेव्हापासून वकील त्याला हलवून जागे करायची आणि सगळे समजावून द्यायची. तो जांभई देत असले काही विचारायचा की तिचीच गाडी अडायची. "पण असं का?" हा तिचा प्रश्न आता तो तिलाच करू लागला. मी हे पाहिले, पण मनावर घेतले नाही.

मग सगळ्या वर्गाने शाळेपुढच्या रस्त्याचा देखावा करायला घेतला. फाटक, बेकरी, चपला शिवणाऱ्याची टपरी, बसथांबा, सगळे खोक्यांचे. तो माझ्यावर मांडायचा, म्हणून माझ्याएवढा पुठ्ठा हवा होता. ते काम वकिलीणीच्या गटाकडे आले. फ्रिजचे मोठे खोके मिळाले. जुळ्यांनी माझी लांबी मोजली, जवळची रुंदी मोजली. झोपाळूने पुठ्ठ्यावर रेघा मारल्या, प्रत्येक कोपरा वहीच्या कोपऱ्याशी लावून तपासला, आणि वकिलीणीने कापले. पुठ्ठा माझ्यावर ठेवला. या टोकाला अगदी बरोबर बसला. त्या टोकाला, म्हणजे पूर्वी भिंतीला असलेल्या टोकाला, कडेबाहेर दोन बोटे लोंबायला लागला.

"तू वाकडं कापलंस," एक जुळी म्हणाली.

"पण रेघ कोणी मारली?" वकील झोपाळूवर घसरली.

"मापं यांनी घेतली," झोपाळूने जुळ्यांकडे बोट दाखवले.

पाहता पाहता भांडण हातघाईवर आले. मी मजेत होतो. पुठ्ठा वाकडा होता, यात मला तिळमात्र शंका नव्हती. बाई आल्या, त्यांनी चौघांचे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "चूक कुठे आहे ते कसं शोधाल?" आणि गेल्या दुसऱ्या गटाकडे.

चौघे हिरमुसून बसले. थोड्या वेळाने झोपाळू म्हणाला, "फिरवून बघू या का?"

"काय फिरवून?"

"पुठ्ठा. हे टोक तिकडे, ते टोक इकडे. पुठ्ठा वाकडा असेल तर आता या बाजूला लोंबेल. आणि परत तिकडेच लोंबला तर..."

त्यांनी पुठ्ठा उचलला, फिरवला आणि परत माझ्यावर ठेवला. तो तिकडेच लोंबला. अगदी तेवढाच.

मित्रांनो, मग वकिलीणीने टेप घेतली आणि ज्या बाजूला आजवर कोणी टेप लावली नव्हती, तिथे लावली. जवळची बाजू पंचाहत्तर सेंटीमीटर होती. ही बहात्तर भरली. जुळ्यांनी पुन्हा मोजली, बहात्तर. मग एकेक गट येऊन मोजून गेला, कारण एका गटाने सांगितलेले दुसऱ्या गटाला खरे वाटेना. त्याच टेपने त्यांनी दारही चारी बाजूंनी मोजले; ते आयतच निघाले.

सुताराचे ते वाक्य मला तेव्हा समजले. शोभेल म्हणे! मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतकी वर्षे मी ज्या गोष्टीचा तोरा मिरवला, ती मी नव्हतोच. या बाईने मला भिंतीपासून ओढले नसते तर कुणाचे काही बिघडले नसते, असे मला वाटले, आणि मी तिचा मनापासून राग केला.

बाई मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या होत्या. "मलाही माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या.

वकिलीणीने डोळे बारीक केले. "खरंच नव्हतं?"

"खरंच. मीही याला आयतच समजत होते."

वकील त्यांच्याकडे बघत राहिली. बाईंवर तिचा विश्वास त्या क्षणी बसला असावा. माझा अजून बसायचा होता.

सहामाहीची पत्रिका मुख्याध्यापकांनी काढली होती. तोच प्रश्न, त्याच जागी. पेपर तपासायलाही त्यांनीच नेले, आणि दुसऱ्या दिवशी गठ्ठा घेऊन वर्गात आले. चेहरा लाल. गठ्ठा माझ्यावर आपटून ते बाईंना म्हणाले, "हे काय आहे? एकानेही टेबल लिहिलेलं नाही. सगळ्यांनी दार लिहिलंय आणि वर शेरा, 'टेबल नाही'. सगळ्या वर्गाची चूक एकसारखी. म्हणजे एक तर कॉपी झाली, नाही तर तुम्ही सांगितलंत."

बाईंचा चेहरा उतरला. "मी सांगितलेलं नाही, सर."

"गटागटात बसवल्यावर दुसरं काय होणार? मी तेव्हाच म्हणालो होतो, हे जमायचं नाही." मग ते मुलांकडे वळले. "खरं सांगा. बाईंनी सांगितलं ना तुम्हाला हे?"

"बाई कधीच काही सांगत नाहीत, सर," वकील उभी राहून म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

कुणी हसले नाही. सगळ्या वर्गाला कळले होते की बाई आता जाणार. मी बाईंचा हात पाहिला. पहिल्या दिवसासारखी त्यांनी माझी कड धरली होती. खरे सांगतो, मला वाटले होते त्या गेल्या की मला परत प्लॅटफॉर्मवर चढवतील, डावी बाजू भिंतीला लावतील, आणि सगळे विसरतील. तो हात पाहिल्यावर मला ते नको झाले.

"टेप द्या," मुख्याध्यापक म्हणाले. त्यांनी माझी लांबी मोजली. मग उजवीकडची रुंदी मोजली. टेप गुंडाळली आणि म्हणाले, "झालं. आयत आहे."

"पण सर, पलीकडची बाजू?" वकिलीणीने विचारले.

"पलीकडची तेवढीच असते. आयत आहे तो."

"पण आयत आहे की नाही, हेच तर बघतोय ना आपण?"

मुख्याध्यापकांनी टेप पुन्हा उलगडली. ते फिरून पलीकडे आले, गुडघ्यावर बसले आणि टेप लावली. एकदा. मग टेपकडेच संशयाने पाहिले, दुसरी मागवली आणि परत लावली. बराच वेळ त्यांचे डोके माझ्या कडेच्या खालीच होते. फक्त मला त्यांचा चेहरा दिसत होता. तो पहिल्या बाकावरच्या मुलाचा चेहरा होता.

"मास्तरांनी मला याच उत्तराला शाबासकी दिली होती," ते हळूच म्हणाले. बाईंना ऐकू आले असावे, कारण त्या दुसरीकडे पाहू लागल्या.

उठून, गुडघे झटकून ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "ठीक आहे. सुतार बोलावून घेऊ. रुंद टोक थोडं कापलं की सरळ होईल. पुढच्या वर्षी घोळ नको."

म्हणजे करवत! बाई म्हणाल्या, "टेबल शाळेचा आहे, सर. पण काम मुलं करतात यावर. त्यांना विचारून बघा."

त्यांनी विचारले, आणि वर्गात जो गलका उठला तो विचारू नका. वकील कापायच्या बाजूची निघाली: चूक आहे तर दुरुस्त करायची, त्यात काय. एक जुळी तिच्याकडे गेली, दुसरी विरुद्ध उभी राहिली, आणि आपली बहीण समोर उभी आहे हे पाहून दोघीही चपापल्या. मुख्याध्यापक "एकेकाने बोला" म्हणत मध्ये उभे होते. मग कधी तरी ते एका बुटक्या बाकावर टेकले आणि स्वतःच वाद घालू लागले. "अरे, पण वाकडा टेबल वर्गात कशाला ठेवायचा?"

"कापला तर पुढच्या वर्षीच्या मुलांना कसं सापडणार?" झोपाळू म्हणाला.

"त्यांना आपण सांगू की."

"सांगितलं तर मग मजा काय, सर?"

मुख्याध्यापक उठले. त्यांनी टेप खिशात घातली, पेपरांचा गठ्ठा उचलला आणि दारापर्यंत गेले. तिथून बाईंना म्हणाले, "सुतार नको. आणि हा टेबल परत भिंतीला लावू नका." मग थोडे थांबून, "पुढच्या वर्षीची पत्रिका तुम्हीच काढा."

बाईंना अर्थ लागायला जरा वेळ लागला. शाळा सुटल्यावर त्यांनी आईला फोन लावला. "आई, पुढच्या वर्षी पण आहे गं मी," एवढेच म्हणाल्या आणि माझ्यावर डोके टेकून रडल्या. मी ओला झालो, पण पहिल्यांदाच मला डागाची काळजी वाटली नाही. इतके दिवस मी त्यांच्यावर संशय घेतला, आणि त्या माझ्यावर डोके टेकत होत्या. मला फार वाईट वाटले आणि फार बरेही वाटले. तेवढ्यात शिपाईमामा खोलीला कुलूप लावायला आले. "साहेबांना काय झालंय कळत नाही, बाई," ते म्हणाले. "ऑफिसातलं टेबल भिंतीपासून ओढून चारी बाजूंनी मोजत बसलेत."

तर मित्रांनो, ही माझी गोष्ट. तुम्ही म्हणाल, सांगून टाकलीस, आता आम्हाला शोधायला काय उरले? पण एक टेबल बोलतो आणि आपण ऐकतो, एवढ्यावर तुम्ही माझे खरे मानलेत तरी कसे? उठा, टेप आणा. चारही बाजू मोजा, आणि शेजारच्यालाही मोजू द्या. दार मुलांनी मोजले होते. फळा कुणी मोजलेला नाही, आणि मला त्याचा फार दिवसांपासून संशय आहे. मी म्हातारा झालो आहे, तेव्हा जमले तर मला अधूनमधून पुसत जा, कर्कटकाने कोरू नका, च्युइंगमला दुसरी जागा बघा. यातले काहीच जमले नाही तरी चालेल. मला फक्त भिंतीला लावून ठेवू नका.